बोटीवरची लाल बाटली

आमच्या ह्यांना एखादी वस्तू विकत घ्यायची असली की दुकानदारांच्या पोटात गोळा येतो. हे मी नाही म्हणत, दुकानदारच म्हणतात. छत्री घ्यायला गेले तर दुकानातली प्रत्येक छत्री उघडणार, मिटणार, पुन्हा उघडणार, काड्या वाकवून बघणार. एकदा टॉवेल घ्यायला गेले आणि म्हणाले, जरा भिजवून बघू का? दुकानदार हसला तर ह्यांना खरोखरच आश्चर्य वाटलं. टॉवेल काय कोरडं अंग पुसायला घेतात का, असं ह्यांचं म्हणणं. बरं, बोलणं खोटंही नाही. म्हणून तर माणूस चिडतो.

लग्नाचं मात्र ह्यांनी एका भेटीत ठरवलं होतं. मी एकदा विचारलं, छत्रीला अर्धा दिवस आणि मला चहाचा एक कप, असं कसं हो? तर म्हणाले, छत्री गळते. एवढंच. पुढे काही नाही. आता ह्यावर बायकोने हसायचं की रुसायचं ते तिचं तिने ठरवावं. हे आपले बोटीचं इंजिन पुसायला निघून गेले.

आमची बोट छोटी आहे. खाडीच्या ह्या काठावरून त्या काठावर माणसं न्यायची, त्या काठावरून ह्या काठावर आणायची. पलीकडे दवाखाना, शाळा आणि मोठा बाजार, अलीकडे वस्ती. नर्सबाई, मास्तर, भाजीवाल्या, सायकलवाले, कधी एखादी शेळी. हे मागे इंजिनाजवळ सुकाणू धरून बसतात, मी पुढे दोर घेऊन. धक्का जवळ आला की दोर खुंट्याला टाकायचा, बोट ओढून घ्यायची, म्हाताऱ्यांना हात द्यायचा, पैसे गोळा करायचे आणि कोणाची सून कशी आहे ते ऐकून घ्यायचं. शेवटचं काम कोणी सांगितलेलं नाही, पण ते मी सगळ्यात मन लावून करते.

मुलं मोठी होऊन आपापल्या वाटेला लागली तेव्हा मी बोटीवर यायला लागले. त्याआधी घरात भिंतींशी बोलायची वेळ आली होती माझ्यावर. ह्यांच्याशी बोलणं आणि भिंतीशी बोलणं ह्यात तसा फार फरक नाही, पण निदान बोटीवर आणखी माणसं असतात. मी खरं सांगते, दोर खुंट्याला बरोबर बसतो आणि बोट हळूच धक्क्याला टेकते ना, त्या क्षणाला मला माझा स्वतःचा अभिमान वाटतो. रोज वाटतो. तो काही जुना होत नाही.

मागच्या थंडीत हाच दोर टाकताना मागून लाट आली, बोटीला हिसका बसला आणि माझा उजवा अंगठा दोर आणि खुंट्याच्या मध्ये सापडला. हाड जुळलं, पण सांधा काही वाकत नाही. अंगठा आता पाहुण्यासारखा ताठ बसून असतो, कामाला हात लावत नाही. मी चार बोटांनी दोर टाकायला शिकले. कोणाच्या लक्षातही आलं नाही. गाठ सोडायची असली की दातांनी सोडते, दात अजून सगळे आहेत.

सगळं सुरळीत चाललं होतं आणि धक्क्यावर नवा नियम लागला. माणसं नेणाऱ्या प्रत्येक छोट्या बोटीवर आग विझवायची बाटली हवी. ती लाल असते ती, कचेऱ्यांत भिंतीला लटकलेली. नुसती असून चालणार नाही, तर चालकाच्या जोडीला बोटीवर जे दुसरं माणूस असेल त्याने तपासणीच्या मॅडमसमोर खरी आग विझवून दाखवायची. नाही जमलं तर दुसरं माणूस बदला, नाहीतर बोट बांधून ठेवा.

दुसरं माणूस म्हणजे मी.

त्याच संध्याकाळी माझे दीर घरी आले. भावोजी ज्या कारखान्यात होते तो बंद पडलेला, हातात काम नाही, आणि हात म्हणाल तर सुपाएवढे. माणूस वाईट नाही हो. उलट फार प्रेमळ, आणि तिथेच तर पंचाईत. वाईट माणसाला दोन शब्द सुनावता येतात. भावोजी माझ्या अंगठ्याकडे बघत कळवळून म्हणाले की वहिनी, तुम्ही पुष्कळ केलंत, आता घरी आराम करा, ती बाटली दाबणं काही तुमच्या हाताचं काम नाही, दादाबरोबर मी जातो.

मी ह्यांच्याकडे बघितलं. हे म्हणाले, "बघू."

बघू! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. हे बघू ह्यांनी छत्रीला म्हणावं, टॉवेलला म्हणावं. माझी बोटीवरची जागा जायची वेळ आली तरी ह्या माणसाला बघूच सुचावं? रात्री मी ह्यांच्याशी बोलले नाही. अडचण अशी की मी बोलत नाहीये हे ह्यांना कळलंच नाही, छान शांत झोप लागली त्यांना.

सकाळची फेरी आटपल्यावर आम्ही बाटली घ्यायला गेलो. धक्क्यामागच्या गल्लीत एक दुकान आहे, तिथे रंग, दोर, पंप, खिळे आणि बोटीला लागणारं सगळं मिळतं. दुकानदार जाड चष्म्याचा, आम्हाला ओळखून असलेला. ह्यांना दारात बघताच त्याने आधी खुर्ची ओढून स्वतः बसून घेतलं.

नियमाने धक्क्यावरच्या सगळ्यांनाच बाटल्या हव्या होत्या, म्हणून त्याने भरपूर मागवून ठेवल्या होत्या. टेबलावर ओळीने मांडल्या. पहिली होती ती चांगली लांबलचक, पुढे काळं कर्ण्यासारखं तोंड असलेली. हिच्यातून थंडगार वायू निघतो, दुकानदार म्हणाला, सामान खराब होत नाही. ह्यांनी ती उचलली, खाली ठेवली, आणि विचारलं की उघड्या बोटीत हा वायू थांबणार कुठे? वाऱ्याने उडून नाही का जाणार? दुकानदार म्हणाला, ते खरं आहे, ही बंद खोलीत बरी. मग हे मला म्हणाले, तू उचलून बघ. मी उचलली. जड होती, आणि दांडा एवढा टणक की माझी चारही बोटं पांढरी पडली. दुकानात भाजीवाली होती, रंग घ्यायला आलेला रंगारी होता, सगळे माझ्या हाताकडे बघत होते. मला वाटलं, धरणी दुभंगावी.

दुसरी अगदी पिटुकली, सेंटच्या डब्यासारखी. गाडीत ठेवतात म्हणे. वरचं बटण दाबलं की झालं. मला ती फार आवडली, बटण तर मी कोणत्याही बोटाने दाबेन. पण ह्यांनी ती उलटीपालटी करून बघितली आणि म्हणाले, हिला काटा कुठे आहे? भरलेली आहे की रिकामी झाली हे कळायचं कसं? आग लागल्यावर कळायचं का? दुकानदाराने डबा मागे ठेवला. तिसरी फेसाची होती. तेलाच्या आगीला चांगली, पण आकाराने ऐसपैस, आमच्या बोटीत तिला ठेवायची तर एक उतारू कमी करावा लागला असता.

राहिल्या त्या पावडरच्या. आत कोरडी पांढरी पावडर, वर छोटीशी घड्याळासारखी तबकडी, तबकडीत काटा. काटा हिरव्यात असला की बाटली तयार. तेल, लाकूड, वायर, कशालाही चालते. पावडरने सगळं घाण होतं, पण जळण्यापेक्षा घाण बरी, असं दुकानदार म्हणाला आणि हे पहिल्यांदाच कोणाच्या तरी बोलण्याला मान डोलावून हो म्हणाले.

आता प्रश्न सुटला असं कोणालाही वाटेल. छे. पावडरच्याच बाटल्या निरनिराळ्या कंपन्यांच्या. हे एकेक घेऊन माझ्या हातात देणार. मला एका स्टुलावर बसवलं, बोटीत बसते तसं. मग म्हणे, खाली वाक, बाटली उचल, उभी राहा, धर. दांडा दाबण्याआधी जो खिळा उपसावा लागतो, त्याची कडी एकीला एवढीशी होती, माझं बोटच आत जाईना. ती गेली. एकीचा दांडा प्लास्टिकचा होता आणि हे म्हणाले, उन्हाने तडकेल. तीही गेली. एकीला पुढे नळी होती, नळी धरायला दुसरा हात लागतो, आणि बोटीत एक हात नेहमी कशाला तरी धरलेला असतो. गेली. मी बसतेय, उठतेय, वाकतेय, आणि भाजीवालीने तर स्वतःची टोपली खाली ठेवून बैठकच मारली. मला वाटलं, हा माणूस चार लोकांत माझा अधूपणा दाखवतोय. म्हणजे उद्या घरी बसवायचं झालं की सगळ्यांना पटलेलं असेल.

दुकानदाराने शेवटी कपाळावरचा घाम पुसला आणि विचारलं, "पण बाटली वापरणार कोण?"

हे पुन्हा म्हणाले, "बघू."

मी तिथेच बाटली ह्यांच्या पायावर टाकणार होते. पण नेमकी तीच बाटली हातात छान बसली होती. दांडा धातूचा, रुंद. कडी एवढी मोठी की दोन बोटं आरामात जातील. वजन दूध भरलेल्या किटलीएवढं. दांडा दाबायला अंगठा लागतच नव्हता, तळहाताचा जोर पुरत होता. ह्यांनी माझ्या हाताकडे बघितलं, बाटली माझ्याकडून घेतली आणि म्हणाले, ही द्या.

घरी येताना मी एकदाच तोंड उघडलं. ह्यांचा विचार बाटली इंजिनाशेजारी लटकवायचा होता, म्हणे आग तिथेच लागणार. म्हटलं, आग तिथे लागणार म्हणूनच ती तिथे नको. बाटली घ्यायला आगीत हात घालायचा का? हे उभे राहिले, विचार केला आणि पुढे माझ्या बसायच्या फळीखाली तिला अडकवायची पट्टी ठोकली. कौतुकाचा शब्द नाही. पण पट्टी ठोकली.

मग आमच्या घरात त्या बाटलीचे लाड सुरू झाले. दुकानदार म्हणाला होता की पावडर तळाशी बसून घट्ट होते, तेव्हा महिन्यातून एकदा बाटली उलटी करून हलवायची. हे रोज हलवायचे, तान्ह्या बाळाला खेळवावं तशी. खारा वारा लागून गंजू नये म्हणून रोज पुसायचे. काटा हिरव्यात आहे ना, ते फेरीगणिक बघायचे. माझा ताप आजवर कोणी इतक्यांदा बघितलेला नाही.

मी माझी तयारी चोरून करत होते. बाटली दाबून सराव करता येत नाही, एकदा दाबली की आत पावडर उरली तरी हळूहळू दाब निघून जातो, पुन्हा भरून आणावी लागते. म्हणून मी घरातली पक्कड घेतली आणि मागच्या पायरीवर बसून चार बोटांनी दाबत बसायची. हात भरून यायचा. तिकडे भावोजीही गप्प नव्हते. जाऊबाई सांगत होत्या की ते अंगणात केरसुणी घेऊन खोटी आग विझवतात आणि शेजारचं कुत्रं पळून जातं. मला हसू आलं, पण ते फार वेळ टिकलं नाही. भावोजींना कामाची गरज होती, हात धडधाकट होते, आणि ह्यांनी अजून कोणालाच काही सांगितलं नव्हतं. बोटीवरून उतरले तर मी काय करणार होते? पुन्हा त्या भिंती. रोज सकाळी ही बोट माझ्याशिवाय सुटताना मी घरातून आवाज ऐकणार, एवढंच मला दिसत होतं.

तपासणीच्या दिवशी लख्ख ऊन होतं आणि खाडीवरून सणसणीत वारा येत होता. मॅडम वयाने लहान, पायात बूट, गळ्यात शिट्टी, आवाज मात्र हेडमास्तरणीचा. धक्क्याच्या कडेला वाळूत पत्र्याचं पसरट घमेलं, त्यात तेलात बुडवलेल्या चिंध्या. शिट्टी वाजली की दुसऱ्या माणसाने बोटीतल्या आपल्या जागेवरून उठायचं, बाटली काढायची, वर यायचं आणि आग विझवायची. सगळा धक्का बघायला जमला होता. भावोजी आंघोळ करून, भांग पाडून आले होते.

पहिल्या बोटीवाल्याने खिळा काढलाच नाही आणि दांड्याशी कुस्ती खेळत बसला. दुसऱ्याने लांबूनच पावडर मारली, आग आपली मजेत. मला जरा धीर आला. मग आमची बोट. मी माझ्या फळीवर बसले, शिट्टी वाजली, मी खाली वाकले, बाटलीला हात घातला, आणि बाटली हलेना.

बांधलेली होती.

आता हे तुम्हाला समजावून सांगायला हवं. आमच्या ह्यांच्या लेखी बोटीत सुटी वस्तू असणं म्हणजे पाप. पाण्याचा डबा बांधलेला, झाडू बांधलेला, माझा जेवणाचा डबासुद्धा बांधलेला असतो. आदल्या संध्याकाळी खाडी खवळलेली होती, तर ह्यांनी लाडक्या बाटलीला पट्टी पुरणार नाही म्हणून बारीक सुतळीने वेढ्यावर वेढे घालून वर आपली दुहेरी गाठ मारली होती. लाटांच्या पाण्याने भिजून ती गाठ आणखी आवळलेली. ओली दुहेरी गाठ, आणि माझा अंगठा वाकत नाही!

मी वाकून दात लावले. मागून हसण्याचा आवाज आला. सुतळीची चव खारट आणि तेलकट होती. गाठ सुटली कशीबशी, पण वेढे काढून मी मान वर करते तर मॅडम समोर उभ्या. पुरे, म्हणाल्या, एवढ्या वेळात बोट जळून गेली असती. दुसरं कोणी आहे का?

भावोजी एक पाऊल पुढे आले. "मी आहे, मॅडम," ते म्हणाले, आणि माझ्याकडे बघून ओशाळले. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. तोंडात सुतळीचा धागा तसाच होता.

तेव्हा हे मागून इंजिनावरून उठून आले. साहेबलोकांसमोर ज्यांच्या तोंडाला कुलूप असतं, ते हे. म्हणाले, "मॅडम, गाठ मी मारली. चूक माझी आहे, तिची नाही. तिची परीक्षा पुन्हा घ्या."

मॅडमनी ह्यांना चांगलंच झापलं. आग काय गाठ सुटेपर्यंत थांबते का, म्हणाल्या. ह्यांनी मान खाली घालून सगळं ऐकलं, पण जागचे हलले नाहीत. शेवटी मॅडम म्हणाल्या, ठीक आहे, एकदाच. ह्यांनी स्वतः सुतळी काढून खिशात कोंबली, बाटली नुसती पट्टीत अडकवली आणि बाजूला झाले.

शिट्टी वाजली. मी वाकले, पट्टी उघडली, बाटली हातात. वर आले. वारा पाठीवर घेतला, कडीत दोन बोटं घालून खिळा उपसला, तळहाताने दांडा दाबला. पांढरा फवारा सुटला तो आगीच्या बुडाशी, ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत, झाडून काढावं तसा. आग विझली. मी दांडा सोडला आणि पाठ न फिरवता मागे सरले, न जाणो पुन्हा पेटली तर. धक्का टाळ्या वाजवायला लागला, भाजीवाली सगळ्यात जोरात. मॅडम म्हणाल्या, छान, असं करायचं असतं. माझा जीव भांड्यात पडला.

बाटलीत अजून पावडर शिल्लक होती. मॅडम म्हणाल्या, वाया कशाला घालवायची, बोट चालवणाऱ्यानेही दाखवावं, आणि जे दुसरे इच्छुक आहेत त्यांनीही थोडी वापरून दाखवावी, म्हणजे वेळेला पर्याय असेल. म्हणजे भावोजी. पर्याय हा शब्द मला काही आवडला नाही.

चिंध्या पुन्हा पेटवल्या. ह्यांनी बाटली घेतली. हे घमेल्याला वळसा घालून पलीकडे गेले आणि वाऱ्याकडे तोंड करून उभे राहिले. मला काही कळेना. मी ओरडले, अहो, इकडून! तोवर ह्यांनी दांडा दाबला होता. सगळी पावडर वाऱ्याने उलटी ह्यांच्याच अंगावर. सोडतील म्हटलं, तर सोडायला तयार नाहीत, शेवटचा फुसकारा निघेपर्यंत दांडा दाबून धरला. ढग विरला तेव्हा हे नुकत्याच चुना लावलेल्या भिंतीसारखे उभे, आणि घमेल्यातली आग जशीच्या तशी. धक्क्यावर हसून हसून लोकांची मुरकुंडी वळली. भावोजी तर खाली बसले.

मॅडमनी ओठ चावत कसंबसं तोंड सरळ ठेवलं. म्हणाल्या, तुमचं पुढच्या तपासणीला बघू. आता भावोजींची परीक्षा घ्यायची तर बाटलीत काही उरलेलंच नव्हतं. तेव्हा मॅडमनी सगळ्यांसमोर निकाल दिला, "ह्या बोटीवर आग विझवता येते ती एकट्या ह्या बाईंना. पुढच्या तपासणीपर्यंत ह्या बाई असल्याशिवाय बोट सुटणार नाही." आणि हाताचं बोट रोखलं ते माझ्याकडे.

बाटली भरायला आम्ही तिघेही दुकानात गेलो. दुकानदाराकडे त्या दिवशी रिकाम्या बाटल्यांचा ढीग लागला होता आणि त्या उचलायला माणूस नव्हता. भावोजींनी दोन्ही हातांत चार चार बाटल्या उचलल्या तशी त्याने त्यांना तिथल्या तिथे कामावर ठेवून घेतलं. भावोजी खूश. मग दुकानदार चष्मा वर करत ह्यांना म्हणाला, एवढी वर्षं बोट चालवता आणि वाऱ्याच्या तोंडावर उभे राहिलात?

तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. हा माणूस झोपेत कूस बदलतो तोसुद्धा वारा कुठून येतोय ते बघून. आणि मला आठवलं, फवारा सुटायच्या आधीच ह्यांनी डोळे घट्ट मिटून घेतले होते.

घरी मागच्या दारी मी ह्यांच्या डोक्यावर पाणी ओतत होते, आणि पावडर काही संपेना. मी म्हटलं, मुद्दाम केलंत ना? हे म्हणाले, वारा फिरला. म्हटलं, वारा नाही फिरला, चिंध्यांचा धूर सरळ तुमच्याच तोंडावर येत होता, सगळ्या धक्क्याने बघितलाय. चार लोकांत हसं झालं तुमचं, मी पास झाले होते ना? मग काय गरज होती?

ह्यांनी डोळ्यांवरचं पाणी निपटलं. "तू नसलीस तर मी बोट सोडणार नाही, हे मला कोणाला सांगता येत नव्हतं," ते म्हणाले. "भावाला तर नाहीच. आता मॅडमनीच सांगितलं."

इतकी वर्षं संसार केला, एवढं लांब वाक्य हा माणूस माझ्यासाठी कधी बोलला नव्हता. मला रडू आलं आणि रागही आला, कारण हे आधी सांगितलं असतं तर मी पक्कड दाबून हात सुजवला नसता. मी उरलेला तांब्या ह्यांच्या डोक्यावर जरा जोरातच ओतला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मला निघायला थोडा उशीर झाला. धक्क्याच्या वरच्या पायरीवर पोचले तर बोट भरलेली, इंजिन सुरू, आणि नर्सबाई घड्याळ बघत विचारत होत्या की आता कोणाची वाट बघताय, सोडा ना. आमचे हे सुकाणूवर हात ठेवून, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "नाही सोडता येत, बाई. ती नाही आली अजून."

मी वर उभी राहून सगळं ऐकलं, आणि मग मुद्दाम सावकाश पायऱ्या उतरले.